पेशींना आपापले काम कोण नेमून देते?

आईच्या पोटात पहिल्या दिवशी आपण सगळे एकच पेशी असतो. मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग एवढी ती पेशी. पाटीवर पेन्सिल टेकवली तर उमटणारा ठिपकाही तिच्यापेक्षा मोठा. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि पुरुषभर वाढलेल्या माणसाच्या अंगात शेवटी सुमारे तीस लाख कोटी पेशी भरतात. नुसती संख्याच वाढली असती तर मांसाचा एक गोळा तयार झाला असता. तसे होत नाही. त्यातली एक पेशी कमरेतल्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत दोन हात लांब तंतू सोडते आणि मज्जापेशी म्हणवते. दुसरी बशीसारखी चपटी होऊन रक्तातून प्राणवायू वाहते. तिसरी हाडाच्या चुन्यात स्वतःला गाडून घेते. चौथी डोळ्याच्या भिंगात काचेसारखी नितळ होऊन बसते. असे सुमारे दोनशे प्रकार आहेत.

हे काम कोण नेमून देते, हा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेतला वाटतो. पण अलीकडे तो आपल्या आष्टी-परतूरच्या घराघरांत येऊन पोचला आहे. फक्त त्याचे नाव वेगळे असते. बाळंतपणात नाळेतले रक्त साठवून ठेवावे का? जन्मतः मेंदूला इजा झालेल्या मुलाला स्टेम सेलचे इंजेक्शन दिले तर ते चालू लागेल का? बायॉप्सीच्या रिपोर्टवर 'पुअरली डिफरन्शिएटेड' असे लिहिले आहे, त्याचा अर्थ काय? तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. मधल्या प्रश्नापायी तर माणसे शेत विकायला निघतात. म्हणून आजचा लेख थोडा लांबला तरी वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पोथी एक, अध्याय वेगळे

प्रत्येक पेशीच्या केंद्रात आनुवंशिकतेची एक पोथी असते. तिला आपण डी.एन.ए. म्हणतो. तिच्यात प्रथिने तयार करण्याच्या सुमारे वीस हजार कृती लिहिलेल्या असतात. या कृतींना जनुके असे नाव आहे. आता लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ही पोथी सगळ्या पेशींत जवळजवळ अक्षरशः सारखीच असते. पोलीस केसाच्या मुळावरून, थुंकीवरून किंवा रक्ताच्या डागावरून माणूस ओळखतात ते याच जोरावर. इन्सुलिन कसे करावे याची कृती आपल्या तळपायाच्या कातडीच्या पेशीतही लिहिलेली आहे. पण तळपाय कधी इन्सुलिन करीत नाही. ते काम फक्त स्वादुपिंडातल्या ठराविक पेशींचे. त्या मेल्या की मुलाला जन्मभर इंजेक्शन घ्यावे लागते. म्हणजे फरक पोथीत नसून कोणता अध्याय उघडा आहे आणि कोणता बांधून ठेवला आहे, यात आहे.

जुन्या गावगाड्याची आठवण काढली तर हे चटकन समजते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, ज्याचे काम त्याने करायचे आणि सगळ्यांचे मिळून गाव चालायचे. शरीरही तसेच चालते. मात्र एक मोठा फरक आहे आणि तो मला फार आवडतो. गावात माणसाचे काम जन्मावरून ठरत असे. पेशीचे काम मात्र जन्मावरून ठरत नाही. ते ठरते ती कुठे बसली आहे, तिचे शेजारी कोण आणि वेळ कोणती, यावरून.

हे कळायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीचे वाइसमान यांचे मत असे होते की पेशी विभागताना पोथीचीच पाने वाटली जातात. मज्जापेशीला मज्जेची पाने, हाडाला हाडाची, बाकीची गेली. मत ऐकायला पटण्याजोगे होते, पण ते खोटे ठरले. १८९१ साली हान्स ड्रीश यांनी समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याचा दोन पेशींचा गर्भ हलवून हलवून सुटा केला, तेव्हा अर्धा-अर्धा प्राणी न होता दोन पूर्ण प्राणी झाले. हान्स श्पेमान यांनी पुढे सॅलॅमँडर नावाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या, बेडकाच्या नात्यातल्या प्राण्याच्या अंड्याला आपल्या तान्ह्या बाळाच्या केसाचा फास लावून त्याचे दोन भाग केले, तर तिथेही दोन जीव वाढले. याचा पुरावा खरे तर प्रत्येक गावात हिंडत असतो. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्ये एकाच गर्भाची दोन माणसे झालेली असतात, आणि दोघांपैकी कोणाचेही पान कमी नसते.

श्पेमान यांचा पुढचा प्रयोग या विषयाचा कणा म्हणावा लागेल. गर्भावरचा जो तुकडा पुढे कातडी होणार हे त्यांना ठाऊक होते, तो कापून त्यांनी मेंदू होणाऱ्या जागी बसवला. लवकरच्या अवस्थेत बसवला, तर तो शेजाऱ्यांचे पाहून मेंदू झाला. थोड्या उशिराने बसवला, तर तो हट्टाने कातडीच झाला, अगदी मेंदूच्या जागी. म्हणजे एक मुदत असते. तिच्या आत पेशी कोणतेही काम शिकू शकते, आणि मुदत उलटली की धंदा पक्का होतो. १९२४ साली श्पेमान आणि त्यांच्या विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड यांनी हा हुकूम देणारी जागाही शोधली. गर्भाचा एक लहानसा तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पोटाशी लावला, तर आजूबाजूच्या पेशींना त्याने कामाला लावून तिथे दुसरा पाठकणा उभा केला. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळाले. ते पाहायला हिल्डे हयात नव्हत्या. निबंध छापला गेला त्याच वर्षी घरातल्या शेगडीचा भडका उडून त्या पंचविसाव्या वर्षी गेल्या होत्या.

महाराष्ट्राचा या अभ्यासाशी जुना संबंध आहे. डॉ. लीला मुळहेरकर या एडिनबर्गला वॅडिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञाकडे काम करून आल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर अभ्यासाची परंपराच घालून दिली. वॅडिंग्टन यांनी पेशीच्या वाटचालीचे एक चित्र काढले होते. डोंगरमाथ्यावरून एक गोळी सोडली आहे, खाली दऱ्यांना फाटे फुटत जातात, आणि ज्या दरीत गोळी उतरली ती तिची. आपल्याकडच्या माणसाला गोळीपेक्षा पाणी लवकर समजेल. अजिंठ्याच्या डोंगरावर एकच ढग फुटतो. उत्तरेच्या उतारावर पडलेले पाणी वाघूरमधून तापीला जाते, दक्षिणेचे पूर्णेतून गोदावरीला. माथ्यावर दोन थेंबांत वीतभराचे अंतर असते. पण एकदा उताराला लागल्यावर तापीचे पाणी आपण होऊन गोदावरीत येत नाही.

अध्याय बांधून ठेवण्याची पद्धतही आता बरीचशी कळली आहे. जे जनुक नको त्यावर बारीक रासायनिक खुणा डकवल्या जातात आणि तो धागा घट्ट गुंडाळून ठेवला जातो. जे हवे ते मोकळे राहते. पेशी विभागताना या खुणाही पुढच्या पेशीकडे उतरतात. म्हणून कातडीच्या पेशीची लेक कातडीचीच पेशी होते. टक्कल पडलेल्या माणसाच्या मानेवरचे केस काढून पुढे लावतात, ते नव्या जागीही मानेवरच्यासारखेच टिकतात. जागा बदलली तरी केसाच्या मुळाला आपला जुना पत्ता आठवत असतो.

पहिल्या चार आठवड्यांचा हिशेब

आता घरातल्या बायाबापड्यांच्या कामाचे. गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या आठवड्यात त्याचे तीन थर पडतात. बाहेरच्या थरातून कातडी आणि मेंदू, मधल्यातून हाडे, स्नायू, रक्त व हृदय, आतल्यातून आतडी, यकृत, फुप्फुसे. बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय हलू लागते. मेंदू व पाठीच्या कण्याची पन्हाळीसारखी दुमडणारी नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत दोन्ही टोकांना बंद होते, किंवा मग ती उघडी राहते आणि मूल पाठीवर गाठ घेऊन किंवा त्याहून वाईट स्थितीत जन्माला येते.

अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून फक्त दोन आठवडे झालेले असतात. तोपर्यंत बहुतेक सुना सासूलाही सांगत नाहीत, दवाखान्यात येणे तर दूरच. त्या तिसऱ्या महिन्यात येतात आणि मग आपण फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करतो. गोळी तेव्हाही चालू ठेवावीच, पण कण्याची नळी बंद व्हायची ती केव्हाच झालेली असते. म्हणून मूल हवे असे ठरल्यावर, दिवस जाण्याच्या निदान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. गोळी स्वस्त आहे, आशा ताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारावे. ज्या घरात आधीचे मूल असा दोष घेऊन जन्मले आहे, त्यांना याच्या दसपट मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

याच मुदतीत औषधाचा घाला कसा बसतो हे १९५७ ते १९६१ या काळात युरोपने पाहिले. थॅलिडोमाइड नावाची झोपेची आणि उलट्यांवरची गोळी तेव्हा सर्रास विकली जाई. गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत ज्या बायकांनी ती घेतली, त्यांच्यापैकी अनेकींची मुले हातापायांविना जन्मली. जगभरात अशी दहा हजारांहून अधिक. आपल्याकडे आज मला भीती वाटते ती मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन या गोळीची. लग्न ठरले की मुली चेहऱ्यासाठी ती मेडिकलमधून आणतात. पेशींना काम नेमून देणाऱ्या निरोपांपैकी एक निरोप शरीर 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातल्या रसायनाने पाठवते, आणि ही गोळी नेमकी त्याच कुळातली आहे. ती चालू असताना व बंद केल्यावर महिनाभर तरी दिवस जाऊ देऊ नयेत. मिश्री लावणाऱ्या बायकांनीही ती दिवस राहण्याच्या आधीच सोडावी.

धंदा बिघडलेल्या पेशी

सगळ्याच पेशी सारख्या पक्क्या होतात असे नाही. मेंदूच्या पेशी जन्मभराच्या. गेलेल्यांच्या जागी नव्या जवळजवळ येतच नाहीत, म्हणून लकवा मारलेला हात पूर्ववत व्हायला इतका त्रास पडतो. हृदयाच्या स्नायूचेही तेच. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातील पेशी आपण जन्मण्यापूर्वी तयार झालेल्या असतात आणि त्याच शेवटपर्यंत वापरायच्या असतात. मोतीबिंदू म्हणजे एका अर्थी साठ-सत्तर वर्षे न बदललेली काच. उलट आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते आणि कातडी महिन्याभरात. तांबडी पेशी तर कामासाठी इतकी झिजते की हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून आपले केंद्रच बाहेर टाकून देते. पोथीच गेल्यावर दुरुस्ती कशी होणार? १२० दिवसांत ती संपते. मधुमेहाच्या रुग्णांची 'तीन महिन्यांची साखर' तपासता येते ती या आयुष्यामुळेच. पेशी जगली तितके दिवस तिच्यावर साखर चढत जाते.

अस्तराच्या पेशी सतत नव्या होत असल्याने तिथे कामाची अदलाबदल घडू शकते. बिडी ओढणाऱ्याच्या श्वासनळीत असे होते. तिथल्या मूळ पेशींना बारीक लव असते. ती धूळ आणि बेडका वर लोटीत असते. वर्षानुवर्षे धूर लागला की त्या जागी कातडीसारख्या चपट्या, निबर पेशी येतात. धूर त्या सोसतात, पण लव नसल्याने बेडका साचतो आणि पहाटेचा खोकला मागे लागतो. बिडी सुटली तर हा बदल बराचसा मागे फिरू शकतो. चुलीच्या धुरातही हाच धोका असतो. असाच बदल लहान मुलांच्या डोळ्यांत 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी होतो. ओलसर पेशींच्या जागी कोरड्या पेशी येतात, बुबुळाच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा पांढुरका ठिपका दिसतो आणि मुलाला दिवेलागणीनंतर दिसेनासे होते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस आणि पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत मिळून नऊ डोस सरकार फुकट देते. दोन-तीन डोसांनंतर पुष्कळ घरी त्याचा विसर पडतो.

कर्करोग हा या वाटेवरचा शेवटचा टप्पा. त्यात पेशी काम विसरते आणि फक्त वाढणे लक्षात ठेवते. बायॉप्सीचा रिपोर्ट वाचताना 'वेल डिफरन्शिएटेड' असे दिसले, तर समजावे की या पेशींना आपला मूळ धंदा अजून बराच आठवतो आहे. गुटखा खाणाऱ्याच्या गालातल्या गाठीत पुष्कळदा असे लिहिलेले असते. 'पुअरली डिफरन्शिएटेड' म्हणजे त्या कोणत्या अवयवाच्या हे ओळखणेही कठीण झाले आहे. अशा पेशी सहसा जोराने पसरतात. मात्र एवढ्या एका शब्दावरून आजार बरा होईल की नाही हे ठरवू नये. गाठ किती मोठी, कुठवर पसरली आणि उपचार केव्हा सुरू झाले, यांना अधिक महत्त्व आहे. रिपोर्टचा पहिला अर्थ शेजाऱ्याकडून घेणारे काही रुग्ण उपचाराविना घरी बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की त्यात पांढऱ्या पेशी अर्ध्या वाढीतच अडकतात. मोठ्या होऊन कामाला लागत नाहीत आणि मरतही नाहीत. १९८० नंतरच्या दशकात शांघायच्या डॉक्टरांनी त्यांना मारण्याऐवजी मोठे करण्याचा मार्ग काढला. 'अ' जीवनसत्त्वाच्याच कुळातले एक औषध दिल्यावर अडकलेल्या पेशी वाढून कामाला लागतात आणि मग आपल्या वयाने मरतात. एकेकाळी काही दिवसांत माणूस नेणारा हा आजार आज त्या औषधाने आणि सोबतच्या सोमलाच्या इंजेक्शनाने बहुतेक रुग्णांत बरा होतो. आनंदाची गोष्ट आहे. पण म्हणून 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्या मनाने खाऊ नयेत. त्या यकृतावर जातात.

मुंबईची १९८३ सालची गोष्ट

शरीर जिथे रोज नव्या पेशी करते तिथे ते काही राखीव पेशी ठेवते. यांनाच मूळ पेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. अर्धा धंदा शिकलेल्या, अर्धा शिकायचा राहिलेल्या. हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत रक्ताच्या मूळ पेशी असतात. तांबडी, पांढरी आणि रक्त गोठवणारी बिंबिका या तिन्ही जातींच्या पेशी त्यांच्यापासून होतात. या पेशींच्या बळावर मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८३ च्या मार्च महिन्यात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे हे डॉक्टर स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून काम करीत. रुग्ण होती रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा दिली तिच्या भावाने.

पद्धत ऐकण्यासारखी आहे. आधी औषधांनी रुग्णाची बिघडलेली मज्जा पार पुसून काढतात. दात्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा घेतात आणि ती रुग्णाला साध्या शिरेतून, बाटलीतल्या रक्तासारखीच चढवतात. हाडात नेऊन सोडावी लागत नाही. पेशी आपण होऊन वाट काढीत हाडाच्या पोकळीत जाऊन बसतात आणि काही आठवड्यांत नवे रक्त करू लागतात. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. खर्च लाखांत, शिवाय जंतुसंसर्गाचा आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्याच अंगावर उलटण्याचा धोका. तरीही रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, मज्जा वाळून जाण्याचा आजार, सिकलसेल यांत या उपचाराने माणसे बरी झालेली आहेत. टाटाचे हे काम आता खारघरच्या केंद्रात चालते.

ते यशस्वी का होते हे नीट पाहावे. रक्ताच्या मूळ पेशींकडून रक्तच करून घेतले जाते. त्या आधीच त्या उताराला लागलेल्या असतात. त्यांना मेंदूच्या पेशी व्हा असे कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी त्या होत नाहीत.

मग झाडांना कसे जमते, असे कोणी विचारील. आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा एक डोळा बांधतात आणि त्याचे पूर्ण झाड होते. पानफुटीचे पान ओल्या मातीवर पडले तरी कडांना रोपे फुटतात. जळगावकडे केळीच्या कोंबाचा कण बाटलीत वाढवून एकाची हजारो रोपे करतात. झाडाच्या पेशींना माथ्याकडे परतण्याची वाट मोकळी असते. काही प्राण्यांनाही असते. हायड्रा हा गोड्या पाण्यातला तंतूएवढा जीव कापला तर तुकड्या-तुकड्याचा पूर्ण हायड्रा होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर बरीच वर्षे अभ्यास झाला आहे. आपल्या पेशींची वाट मात्र शरीराने बंद करून टाकली आहे. का, याचे माझे उत्तर एवढेच की परतलेली पेशी बेलगाम वाढू लागली तर तिचा कर्करोग व्हायला वेळ लागत नाही.

बंद वाट बाहेरून उघडता येते हे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. १९६२ साली इंग्लंडचे जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्र काढून रिकाम्या अंड्यात घातले, तर त्यातून बेडूक झाला. १९९६ साली मेंढीच्या सडाच्या पेशीपासून डॉली जन्मली. २००६ साली जपानचे यामानाका यांनी उंदराच्या कातडीतल्या पेशीत फक्त चार जनुके घालून तिला पुन्हा गर्भावस्थेसारखी केले. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले. डोळ्याच्या पडद्याच्या, कंपवाताच्या आणि मधुमेहाच्या काही रुग्णांवर यातून निघालेल्या पेशींचे प्रयोग चालू आहेत, आणि काही निकाल आशा वाटावी असे आहेत. या प्रयोगांत पेशी महिनोन्महिने प्रयोगशाळेत शिकवून, तपासून मग दिल्या जातात.

गावोगाव जाहिरात होते ती गोष्ट वेगळी. तिथे रुग्णाच्याच कमरेच्या हाडातली मज्जा किंवा पोटाची चरबी काढून, थोडी गाळून, पाठीच्या कण्यात टोचली जाते आणि सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, कण्याची इजा, मूत्रपिंड, गुडघे, सगळे बरे होईल असे सांगितले जाते. शिकवण्याचे काम कोणी केलेले नसते. त्या पेशी टोचल्या जागी बहुतांशी काही दिवसांत मरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट म्हटले आहे की रक्ताच्या ठरलेल्या आजारांतील मज्जा-प्रत्यारोपण सोडून मूळ पेशींचा इतर कोणताही वापर हा प्रयोग समजावा. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळानेही ऑटिझमसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही असे कळवले. प्रयोगाला मंजुरी लागते, त्याची नोंद लागते आणि त्यात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कोणी इंजेक्शनाचे लाख-दोन लाख मागितले, तर नोंदणी क्रमांक लिहून मागावा. एवढ्यानेच पुष्कळदा बोलणे थांबते. मेंदूला इजा झालेल्या मुलाला उपयोग होतो तो लवकर सुरू केलेल्या आणि रोज चिकाटीने केलेल्या व्यायामोपचाराचा, आकडी येत असेल तर तिच्या औषधाचा, आणि ऐकू येते का, दिसते का हे वेळेवर तपासण्याचा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत फुकट तपासणीला येते. लोक काय म्हणतील म्हणून त्या दिवशी अशा मुलाला घरात बसवून ठेवतात. ते करू नये.

राहिला नाळेच्या रक्ताचा प्रश्न. त्यातल्या मूळ पेशी खऱ्या आहेत, पण त्याही रक्ताच्याच. मुलाला थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार निघाला तर त्याचे स्वतःचे नाळेचे रक्त उपयोगी नाही, कारण त्यातल्या पोथीतही तीच चूक असते. रक्ताचा कर्करोग झाला तरी सहसा दुसऱ्याच्याच पेशी लागतात. स्वतःसाठी वर्षानुवर्षे भाडे भरून ते ठेवण्याची शिफारस वर सांगितलेली परिषद करीत नाही. अपवाद एकच. घरात आधीचे मूल थॅलेसेमियासारख्या आजाराने पीडित असेल, तर धाकट्या भावंडाचे नाळेचे रक्त त्याच्या कामी येऊ शकते. अशा घराने सातव्या महिन्याच्या आत प्रत्यारोपण करणाऱ्या मोठ्या रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. बाकीच्यांनी तोच पैसा वापरायचा असेल तर लग्नाआधी किंवा निदान पहिल्या तीन महिन्यांत नवरा-बायको दोघांनी एच.पी.एल.सी. नावाची रक्ततपासणी करून घ्यावी. थॅलेसेमिया व सिकलसेलचे वाहक तिच्यात कळतात. एकच जण वाहक निघाला तर घाबरण्याचे कारण नाही. दोघेही निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते, आणि गर्भाची तपासणी वेळेत करता यावी म्हणून दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावे लागते.